वाटपाआधी मांजराचा वाटा : मालवणातल्या प्रकल्पाच्या नोंदी

४ मे

आजपासून नोंदी ठेवायला घेतल्या. १ जूनला यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद होते, ती ३१ जुलैपर्यंत. जेटीवरची आणि दांडीच्या किनाऱ्यावरची मांजरं वर्षभर लिलावातल्या टाकाऊ मासळीवर आणि रापणीतून, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्यातून, गळालेल्या चिंगळांवर (बारीक कोलंबीवर) जगतात. बंदी लागली की तीच मांजरं मागच्या दारी येऊन बसतात. लोक हाकलत नाहीत. मालवणात मांजराला कुणी सहसा उपाशी ठेवत नाही. मात्र जे उरलेलं असतं तेच पुढ्यात पडतं : कोंबडीच्या रश्शात कालवलेला भात, खाऱ्या बांगड्याचं डोकं, कधी दूध. प्रेमाने घातलेलं हे खाणं त्यांना बाधतं. बंदी लागण्याआधी घराघरांत लावता येईल असा एक तक्ता तयार करायचा ठरवलं आहे. सोबत वाचनालयातल्या दोघी आहेत आणि चित्रं काढायला नववीतली एक मुलगी.

‘हे द्या, हे देऊ नका’ अशा दोन रकान्यांचे तक्ते खूप असतात. ते भिंतीवर राहतात, स्वयंपाक करणारीच्या हातापर्यंत पोचत नाहीत. आम्हाला स्वयंपाकाचाच क्रम धरून सांगायचं आहे : कुठल्या पायरीवर मांजराचा वाटा बाजूला काढायचा.

६ मे

आधी स्वतःचं वाचन पक्कं केलं. मांजर सक्तीचं मांसाहारी आहे. कुत्र्याचं भाताभाकरीवर बरंचसं भागतं, मांजराचं भागत नाही. टॉरिन नावाचं द्रव्य त्याच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते मांस-मासळीतूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर डोळ्याचा पडदा झिजून मांजर आंधळं होतं, हे १९७५ मध्ये प्रसिद्ध झालं. हृदयाचा स्नायू पातळ पडून हृदय फुगतं, तेही टॉरिनच्याच अभावाने, हे १९८७ मध्ये कळलं. त्यानंतर बाजारातल्या मांजरखाद्यांत टॉरिन वाढवलं गेलं आणि तो हृदयरोग बराच मागे हटला. दुसरी गोष्ट जीवनसत्त्व ‘अ’ची. गाजर-भोपळ्यातल्या कॅरोटिनपासून आपण ते करून घेतो, मांजराला ते जमत नाही. गोड चवसुद्धा त्याला कळत नाही, कारण त्या चवीचं जनुक निकामी आहे. हे २००५ मध्ये सिद्ध झालं.

शेजारच्या काकींना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “बाई, तुमी सांगतास ता खरा आसात. पण आमच्या आयेच्या मांजरान जन्मभर भात न् ताकच खाल्लान. तेका कायच झाला नाय.”

हा प्रश्न प्रत्येक घरात येणार, तेव्हा उत्तर नीट हवं. काकींच्या आईच्या घरी भाताची कणगी होती, गोठा होता, माळा होता. मांजर भात खायचं ते वरचं, पोट भरायचं उंदीर, पाली आणि पाखरांवर. अख्खा उंदीर खाल्ला की टॉरिन, ‘अ’ जीवनसत्त्व आणि हाडांतला चुना (कॅल्शियम) असं सगळंच मिळतं. आज स्लॅबच्या घरात, बंद दारांआड वाढणाऱ्या मांजराला तेवढाच भात घातला तर त्याच्या वाट्याला नुसता भातच उरतो. काकींना हे पटलं. “म्हणजे उंदीर आमी बंद केलव, तर तेची भरपाई आमीच करूक व्हयी,” त्या म्हणाल्या. माझ्या लांबलचक स्पष्टीकरणापेक्षा हे वाक्य चांगलं आहे. त्यांना विचारून तक्त्यावर घेणार.

११ मे

आज सकाळी काकींच्याच स्वयंपाकघरात बसून पायऱ्या लिहून काढल्या. बाजारातून कोंबडी आणि बांगडे आणले होते.

बांगडे : चिरणं, आतडी काढणं, धुणं. मग मीठ, हळद, कोकम लावून ठेवणं. मग ओलं खोबरं, मिरची, धणे, लसूण यांचं वाटप, म्हणजे वाटण, त्यात ठेचलेली तिरफळं, आणि उकळी. कोंबडी : धुणं, आलं-लसूण लावून ठेवणं. मग कांदा-खोबरं तेलावर तांबूस भाजून त्याचं वाटप. मांजराच्या दृष्टीने दोन्हीकडे सुरक्षित जागा एकच आहे, धुण्यानंतरची आणि काही लावण्याआधीची. तेवढ्यात दोन तुकडे वेगळ्या टोपात टाकून नुसत्या पाण्यात शिजवायचे. वेगळा स्वयंपाक करायला नको, जास्तीचा बाजार नको.

कांद्याबद्दल इथे सविस्तर लिहून ठेवते, कारण आमच्याकडचा सगळ्यात मोठा धोका हाच आहे आणि तो सर्वांत कमी माहीत आहे. कांदा, लसूण, पात, सगळं एकाच गोतातलं. त्यातल्या गंधकाच्या संयुगांनी मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. मांजराचं हिमोग्लोबिन या बाबतीत फार नाजूक आहे, कुत्र्याहूनही. शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण ५ ग्रॅम कांदा पोटात गेला तरी रक्तात बदल दिसतात. ४ किलोच्या मांजराला हे झाले २० ग्रॅम, म्हणजे मध्यम कांद्याचा पाचवा भाग. लसूण त्याहून कितीतरी तीव्र. शिजवल्याने, भाजल्याने, वाळवून पूड केल्याने हा गुण जात नाही. भाजलेल्या कांद्याचं वाटप रश्शात इतकं एकजीव होतं की कांदा दिसतच नाही, म्हणून ‘आम्ही कांदा घालत नाही हो मांजराला’ असं लोक अगदी मनापासून सांगतात. एका दिवसात काही दिसत नाही, हाही फसवा भाग. रोज थोडा थोडा रस्सा-भात गेला की परिणाम साठत जातो. काही दिवसांनी मांजर मलूल होतं, हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लाल-तपकिरी होते. घरची माणसं म्हणतात, उन्हाने झालं.

रश्शातला तुकडा पाण्याने धुऊन घालायची पद्धतही बऱ्याच घरांत आहे. तुकड्यात मुरलेलं वाटप धुऊन निघत नाही. तक्त्यात ही ओळ ठळक हवी.

१५ मे

आजचा दिवस मासळीचा. दुपारी जेटीवरच्या काकांबरोबर टोपल्या बघत फिरले.

मासळी मांजराला चांगली, पण काही अटींवर. पहिली अट, शिजवलेली. हेरिंग आणि अँकोव्हीच्या कुळांतल्या अनेक माशांत थायमिनेज नावाचं विकर असतं, ते ‘ब१’ जीवनसत्त्व मोडून टाकतं. आपली तारली आणि मांदेली याच गोतातली. असा कच्चा मासा रोजचा आहार झाला तर मांजराची मान छातीकडे झुकते, चाल डगमगते, पुढे झटके येतात. शिजवलं की विकर निकामी होतं. पाच-दहा मिनिटं उकळायचं एवढंच काम.

दुसरी अट ताजेपणाची. बांगडा, कुप्पा, सुरमई उन्हात पडून राहिले की त्यांच्यात हिस्टामिन नावाचं बाधणारं द्रव्य तयार होतं आणि ते उकळूनही जात नाही. लिलाव संपल्यावर वाळूवर तासन् तास पडलेले बांगडे गोळा करून मांजरांसाठी नेणारी दोन-चार मंडळी आहेत, त्यांना हे स्वतः जाऊन सांगितलं. बर्फातला शेवटचा बांगडा मागा, वाळूवरचा नको. काकांनी लगेच एका खोक्यात बर्फ टाकून कोपऱ्यात ठेवायची तयारी दाखवली.

तिसरी, रोज नुसती तेलकट मासळी नको. तारली-बांगडाच सतत खाल्ला आणि ‘ई’ जीवनसत्त्व अपुरं पडलं तर कातडीखालची चरबी सुजून पिवळी पडते, मांजराला हात लावला तरी दुखतं. आठवड्यात दोन-तीन दिवस मासळी, बाकी दिवस कोंबडी किंवा अंडं, असं आम्ही सुचवणार. मोठ्या शिकारी माशांत, म्हणजे सुरमई किंवा मुशीत, पारा जास्त साठतो. मांजरासाठी लहान मासळीच बरी, आणि खिशालाही तीच परवडते.

काटे. शिजलेला काटा घशात, टाळूत अडकतो. बांगड्याचा मधला काटा सहज निघतो, बाजूचे बोटांनी चाचपून काढावे लागतात. बारीक मांदेली कुकरमध्ये इतकी शिजवावी की काटा दोन बोटांत चुरावा. चुरत नसेल तर तो मासा मांजराला नाही. कोलंबी सोलून, उकडून चालते. कुर्लीची कवचं नकोत. शिंगाळ्याचे पाठीवरचे आणि कल्ल्याजवळचे काटे करवतीसारखे असतात, डोकं जसंच्या तसं टाकू नये.

आणि केंड, म्हणजे फुगणारा मासा. जाळ्यात आलेला केंड मच्छीमार किनाऱ्यावर फेकतात. त्यात टेट्रोडोटॉक्सिन नावाचं विष असू शकतं, ते शिजवूनही जात नाही आणि त्यावर उतारा नाही. काका म्हणाले, “केंड आमी पुरतव. पोरां टाकतत.” पोरांना बंदी लागण्याआधी सांगायला हवं. चित्रात केंडच सर्वांत मोठा काढायचा असं नववीतल्या मुलीने ठरवलंय. मला ते आवडलं.

१८ मे

पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना मसुदा दाखवला. त्यांनी खाण्याच्या तक्त्यात एक औषध घालायला लावलं, आणि त्यांचा आग्रह योग्य आहे. मांजर कण्हायला लागलं की लोक घरातली तापाची गोळी, पॅरासिटामॉल, कुटून दुधातून देतात. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. एका गोळीने मांजर मरू शकतं. हिरड्या निळसर-तपकिरी पडतात, तोंड आणि पंजे सुजतात, श्वास लागतो. तसं झालं तर घरी काही करत बसायचं नाही, दवाखाना गाठायचा.

त्यांनीच आणखी एक सांगितलं. मांजर दोन दिवस काहीच खात नसेल तर थांबू नये, लठ्ठ असेल तर अजिबात नाही. उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठून यकृतच बंद पडू लागतं. ‘भूक लागली की खाईल’ हे मांजराला लागू नाही. खाणं बदलायचं तेही एकदम नाही, जुन्यात थोडं थोडं नवं मिसळत आठवडाभरात.

२३ मे

पावसाळ्याची बेगमी चालू आहे. अंगणाअंगणात सुकं पसरलंय, त्यामुळे हा विषय आत्ताच हाताळला. सुक्या मासळीचे दोन प्रकार वेगळे करावे लागले. खारवलेला बांगडा, खारवलेली मुशी : मांजराला नाही, डोकंही नाही, शेपूटही नाही. इतकं मीठ छोट्या शरीराला झेपत नाही, उलट्या होतात, तहान लागत राहते, प्रमाण जास्त झालं तर झटके येतात. ओल्या पावसात पाण्याची वाटी कोण भरून ठेवणार, असंही होतं.

मीठ न लावता नुसत्या उन्हात वाळवलेला जवळा किंवा बोंबील मात्र जमतो. तो भिजवून, ते पाणी टाकून, पुन्हा साध्या पाण्यात उकळायचा. आम्ही वाचनालयाच्या मागच्या पडवीत करून बघितलं. भिजवलेलं पाणी जिभेवर घेतलं की मीठ लगेच कळतं. खारट लागलं तर पाणी बदलून पुन्हा. दोन पाण्यांनंतरही खारट लागत असेल तर तो माल आपल्या चटणीला. मांजराला जवळा मूठभर नव्हे, भात किंवा कोंबडीवर चिमूटभर, वासापुरता. बंदीच्या दिवसांत नुसतं अंडं न खाणारी जेटीवरची मांजरं या वासाने खायला लागतील असं वाटतं.

२९ मे

बंदीतल्या दोन महिन्यांचा मुख्य आधार कोंबडी आणि अंडी. कोंबडीच्या दुकानात जाऊन आले. हृदय आणि पेटा (कोंबडीची पोटाची पिशवी) लोक घेत नाहीत, स्वस्तात मिळतात. हृदयात टॉरिन भरपूर. ते पाण्यात उतरतं, म्हणून शिजवलेलं पाणी ओतून द्यायचं नाही, त्यातच थोडा भात मऊ करून कालवायचा. कलेजी चांगली पण बेताने, आठवड्यातून एकदा, अंगठ्याएवढा तुकडा. रोज कलेजीवर ठेवलेल्या मांजरात ‘अ’ जीवनसत्त्व अती होऊन मानेची हाडं एकमेकांत जुळतात, मग त्याला मान वळवून अंगसुद्धा चाटता येत नाही.

शिजवलेली हाडं नकोत, ती टोकदार फुटतात. कच्ची कोंबडी नको. जंतूंचा प्रश्न आहेच, आणि २०२५ च्या सुरुवातीला मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांत बर्ड फ्लू आढळला होता. अंडं उकडून. कच्च्या पांढऱ्या बलकातलं अ‍ॅव्हिडिन नावाचं प्रथिन बायोटिन हे जीवनसत्त्व अडवून धरतं, उकडलं की तो प्रश्न मिटतो.

दुधावर सर्वांत जास्त वाद झाला. मांजर म्हणजे दूध, हे आपल्या मनात फार खोल आहे. मोठं झाल्यावर बहुतेक मांजरांना दुधातली साखर पचत नाही, पोट बिघडतं. एखाद्याला चमचाभर पचतं, त्याला द्यावं. पण जेवण म्हणून दूध नको, आणि जेटीवरच्या मांजरांना तर नकोच, पावसात जुलाब लागलेलं मांजर लवकर खंगतं. चमचाभर ताजं दही त्यापेक्षा बरं सोसतं. आईविना सापडलेल्या पिल्लांनाही गाईचं दूध पुरत नाही, त्यांच्यासाठी वेगळी दूधपावडर मिळते. पिल्लू सापडलं की दवाखान्यात विचारा, एवढंच तक्त्यात लिहिलं.

३ जून

बाकीच्या गोष्टी भराभर उरकल्या. हापूस, फणस : गोडी कळतच नाही, चाटलं तर अपाय नाही, मुद्दाम द्यायचं कारण नाही. ओलं खोबरं काही मांजरं आवडीने खातात, चिमूटभर चालेल, जास्त झालं तर जुलाब. उकडलेला लाल भोपळा चमचाभर, शौचाला कडक होत असेल तर उपयोगी. घावन, आंबोळी शिजलेली असेल तर तुकडाभर ठीक, आंबवलेलं कच्चं पीठ उघडं ठेवू नये. द्राक्षं आणि मनुका नकोत, म्हणजे मनुका घातलेला शिराही नको. चॉकलेट, चहा, कॉफी नको. तळलेलं, शेव-फरसाण नको. कुत्र्याचं खाद्य मांजराला रोज नको, त्यात मांजराला पुरेल असं टॉरिन धरलेलं नसतं.

१० जून

बचत गटाच्या बैठकीत मसुदा वाचला. बाहेर पाऊस असा की ओरडून वाचावं लागलं. पहिला प्रश्न एका आजींचा : “म्हणजे मांजरासाठी आमी येगळा रांदूचा?”

काकींनीच उत्तर दिलं, “येगळा नाय गे. तेच्यातलाच, वाटप घालूच्या आदी काढून ठेवूचा.” मी तक्त्याचा मथळा याच बोलीत ठेवला.

किती घालायचं, हा दुसरा प्रश्न. ४ किलोच्या मोठ्या मांजराला दिवसाला सुमारे २०० ते २५० कॅलरी लागतात. एका उकडलेल्या अंड्यात सुमारे ७०, उकडलेल्या १०० ग्रॅम बिनहाडाच्या कोंबडीत साधारण १६०. अंदाजाचं माप धरलं : मांजराच्या डोक्याएवढा गोळा सकाळी, तेवढाच संध्याकाळी, त्यात तीन वाटे मांस आणि फार तर एक वाटा भात.

एक गोष्ट मी आग्रहाने घातली. घरचं शिजवलेलं मांस कितीही चांगलं असलं तरी त्यात हाड नाही, म्हणून चुना कमी पडतो. महिनोन् महिने फक्त त्यावर ठेवलेल्या मांजराची, विशेषतः वाढत्या पिल्लाची, हाडं कमजोर होतात. ज्यांना परवडतं त्यांनी रोजच्या खाण्यात मांजरांसाठीचं पूर्ण आहार असलेलं तयार खाद्य ठेवावं आणि घरातला घास वरचा म्हणून, दहाव्या हिश्शाएवढा, द्यावा. ज्यांना परवडत नाही त्यांनी मूठभर तरी मिसळावं. ही ओळ नको, लोक बिचकतील, असं एकीचं म्हणणं होतं. मला ती काढायची नाही. पूर्ण आहाराचा प्रश्न लपवून घरगुती खाण्याची शिफारस करणं मांजरावर अन्याय आहे. ओळ ठेवली, फक्त तक्त्याच्या खालच्या भागात नेली.

२२ जून

बंदीतले पहिले आठवडे. जेटीवर सकाळी एकाच वेळी, मच्छी ठेवायच्या शेडच्या आडोशाला खाणं घालतो. अर्ध्या तासात ताटल्या उचलतो, कारण पावसाच्या हवेत उरलेल्या भाताला लगेच बुरशी आणि माश्या, शिवाय कुत्रे येतात. पाण्याचा वाडगा तिथेच राहतो. कोंबडीचं हृदय आणि मऊ भात सगळ्यांनी खाल्लं. अंडं निम्म्यांनी सोडलं होतं, त्यावर उकडलेला जवळा चुरल्यावर तेही संपलं. करड्या बोक्याची चाल अडखळते आहे, त्याला डॉक्टरांकडे नेण्यासाठी पिंजरा मागवला.

दांडीतल्या दोन घरांत तुकडे वाटपाआधी काढून ठेवलेले स्वतः पाहिले. एका घरी टोपावर खडूने ‘माऊ’ लिहिलं होतं.

२ जुलै

करड्या बोक्याला तपासलं. डॉक्टरांनी ‘ब१’ची इंजेक्शनं सुरू केली आहेत. वर्षभर तो होडीवरच्या कच्च्या तारलीवर होता, असं काकांनी सांगितलं. पाच दिवसांनी पुन्हा न्यायचंय.

तक्ता छपाईला गेला. वर मथळा : ‘वाटपाआदी मांजराचो वाटो’. खाली चुलीवरचा टोप, त्याच्या डावीकडे धुतलेला मासा आणि कोंबडी, उजवीकडे पाटा-वरवंटा, मध्ये जाड रेघ. रेघेच्या डावीकडचं मांजराचं. त्याखाली केंड, कांदा-लसूण, खारा बांगडा आणि तापाची गोळी, चारही लाल फुलीखाली. मग काकींचं उंदरांबद्दलचं वाक्य, आणि सर्वांत खाली दवाखान्याच्या फोनसाठी मोकळी जागा, म्हणजे देवगड-वेंगुर्ल्याकडच्यांना स्वतःचा नंबर लिहिता येईल. दमट हवेत साधा कागद टिकत नाही, म्हणून प्लास्टिकच्या आवरणात घ्यायचं ठरलं. पहिल्या प्रती कोंबडीच्या दुकानात, जेटीच्या शेडमध्ये आणि शाळेच्या फलकावर लागतील. दुकानदाराने हृदयं आणि पेटे रोज दुपारपर्यंत वेगळ्या पिशवीत ठेवायचं कबूल केलंय. ती आणायची पाळी सोमवारी माझी, मंगळवारपासून बचत गटाकडे.